काँगोत पाणी आहे, उतार आहे. मग घोडं कुठे पेंड खातंय?

पावसाळ्यात आपल्याकडच्या बातम्यांत एक आकडा रोज असतो: कोयनेत किती टीएमसी पाणी झालं. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि धरण काठोकाठ व्हायला ऑगस्ट उजाडतो, कधी सप्टेंबरही. आता समजा, आफ्रिकेतली काँगो नदी आणून या धरणात सोडली. धरण पूर्ण रिकामं आहे असंही धरू. भरायला किती वेळ लागेल? साधारण वीस तास. आज संध्याकाळी सहाला सुरुवात केली तर उद्या दुपारी दोनला दरवाजे उघडायची तयारी करावी लागेल.

तरीही काँगोच्या मुख्य प्रवाहाच्या पाण्यावर आज जी दोन मोठी वीजघरं उभी आहेत, इंगा १ आणि इंगा २, त्यांची मिळून क्षमता आहे १,७७५ मेगावॅट. आपल्या कोयना प्रकल्पाची १,९६०. पाण्याच्या हिशेबात जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या नदीवर कोयनेपेक्षा कमी वीज! आणि ज्या देशातून ती वाहते, त्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात पाच माणसांमागे जेमतेम एकाच्या घरी वीज पोचली आहे.

हे असं का, हे समजून घ्यायचं तर आधी वीज पाण्यातून निघते कशी ते पाहावं लागेल. गणित सोपं आहे, घाबरू नका.

टाकी आणि उंची

गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती भरली की आत एक घनमीटर पाणी असतं, वजन एक टन. दर सेकंदाला अशी एक टाकीभर पाणी एक मीटर खाली सोडलं आणि त्याचा सगळा जोर चाकाला लावला, तर जवळजवळ दहा किलोवॅट वीज मिळते. घरातले पाच गिझर एकदम चालतील एवढी. टाक्या दुप्पट केल्या तर वीज दुप्पट. टाक्या तेवढ्याच ठेवून उंची दुप्पट केली तरी वीज दुप्पट. जलविद्युतचं मूळ गणित एवढंच: पाणी किती, आणि ते किती उंचीवरून पडतं. या उंचीला अभियंते ‘हेड’ म्हणतात.

काँगो नदी समुद्राकडे सरासरी दर सेकंदाला अशा ४१,००० टाक्या घेऊन जाते. क्युसेकमध्ये सांगायचं तर साडेचौदा लाख. कोयनेतून पन्नास हजार क्युसेक सोडले की सांगलीत लोक आयर्विन पुलाच्या पातळीकडे डोळे लावून बसतात. काँगोचा विसर्ग त्याच्या एकोणतीसपट, तोही पुरातला नव्हे, वर्षभराच्या सरासरीचा. यापेक्षा जास्त पाणी जगात फक्त ॲमेझॉनला आहे.

आता उंची. समुद्रापासून फार लांब नाही अशा इंगा नावाच्या ठिकाणी ही नदी पंधराएक किलोमीटरांत सुमारे ९६ मीटर खाली उतरते. आपण शंभर धरू. एक्केचाळीस हजार टाक्या, शंभर मीटर, आणि प्रत्येक टाकीला दर मीटरमागे दहा किलोवॅट. गुणाकार करा: चार कोटी दहा लाख किलोवॅट, म्हणजे ४१,००० मेगावॅट. उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राची विजेची कमाल मागणी ३० हजार मेगावॅटच्या आसपास जाते. चीनमधलं थ्री गॉर्जेस हे जगातलं सर्वात मोठं जलविद्युत केंद्र २२,५०० मेगावॅटचं आहे.

प्रत्यक्षात नदीचं सगळं पाणी वळवता येत नाही आणि टर्बाइनमध्येही थोडी शक्ती वाया जाते. म्हणून ‘ग्रँड इंगा’ या नियोजित महाप्रकल्पाच्या आराखड्यात मुख्य नदीवरच उंच धरण बांधून हेड दीडशे मीटरपर्यंत वाढवायची कल्पना आहे. त्या हिशेबानंही उत्तर चाळीस हजारांच्याच आसपास येतं. एका जागी एवढी वीज देऊ शकतील अशी ठिकाणं पृथ्वीवर फार थोडी आहेत.

वर्षभर न आटणारी नदी

पाणी किती आणि उंची किती, याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो. वर्षातले किती दिवस?

कोयनेकडे उंची भरपूर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली येतं. पण पाऊस चार महिन्यांचा. म्हणून ते साठवावं लागतं, वर्षभर पुरवावं लागतं, आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यालाही कृष्णा पाणीवाटप लवादानं ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. ते पाणी बारा महिन्यांवर सारखं पसरलं तर सेकंदाला साठएक टाक्या होतात. त्यामुळे कोयना मुख्यतः मागणी चढते त्या वेळी चालवतात.

काँगोला धरणात साठवून ठेवायची गरज जवळजवळ नाही. याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वात देखणं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पृथ्वीवर पावसाचा एक मोठा पट्टा विषुववृत्ताभोवती असतो आणि तो सूर्याच्या मागे मागे वर-खाली सरकतो. आपल्या उन्हाळ्यात तो उत्तरेकडे येतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो. बहुतेक नद्यांची खोरी विषुववृत्ताच्या एकाच बाजूला असतात. पट्टा आला की पूर, गेला की कोरड. काँगोचं खोरं विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे आणि नदी स्वतः विषुववृत्त दोनदा ओलांडते. उत्तरेकडून उबांगी येऊन मिळते, दक्षिणेकडून कासाई. एक ओसरू लागते तेव्हा दुसरी भरत असते. मध्ये जंगलातल्या दलदलीचा अवाढव्य प्रदेश आहे, तो स्पंजासारखा पाणी धरतो आणि हळूहळू सोडतो.

याचा परिणाम असा की काँगो डिसेंबरच्या सुमारास सर्वात जास्त वाहते, एप्रिल-मेमध्ये पुन्हा थोडी चढते, जुलै-ऑगस्टमध्ये उतरते, पण कधीच रोडावत नाही. १९६१ चा मोठा पूर सेकंदाला ८०,००० घनमीटरच्या घरातला होता, आणि नोंदीतला सर्वात कमी प्रवाहसुद्धा २०,००० च्या वरच राहिलेला आहे. शंभराहून जास्त वर्षांत सर्वात भरलेली आणि सर्वात उतरलेली नदी यांत चौपटीचाही फरक नाही. आपल्या कृष्णेच्या मे आणि ऑगस्टमधल्या रूपाशी ताडून बघा.

ब्राझीलमधल्या शिंगू नदीवर बेलो मोंते नावाचं धरण आहे, क्षमता ११,२३३ मेगावॅट. पण शिंगूचं खोरं विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच आहे. कोरड्या महिन्यांत पाणी इतकं उतरतं की वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या निम्मीही वीज हाती लागत नाही. इंगाचं मोल कळायला हे उदाहरण पुरेसं आहे.

उतार आला कुठून

एवढी मोठी नदी समुद्राला मिळताना बहुधा संथ असते. गंगा, नाईल, ॲमेझॉन, सगळ्या अखेरीस पसरतात, त्रिभुज प्रदेश किंवा रुंद मुख करतात. काँगोचं उलटं आहे. मध्य आफ्रिका एखाद्या परातीसारखी आहे: मध्ये खोलगट, कडा उचललेल्या. किसांगानीपासून किन्शासापर्यंतचे जवळजवळ १,७०० किलोमीटर नदी त्या परातीच्या तळातून निवांत वाहते, त्यात मोठ्या बोटी चालतात. किन्शासाजवळ तिची पातळी समुद्रसपाटीपासून अजून २७२ मीटर वर असते. मग परातीची पश्चिमेकडची कड फोडून ती खाली उतरते आणि साडेतीनशे किलोमीटरांत ही सगळी उंची संपवून टाकते. या टप्प्याला लिव्हिंगस्टन धबधबे म्हणतात. पण ते जोगसारखे एका जागी कोसळत नाहीत. एकामागून एक असे बत्तीसएक खळाळ आहेत आणि इंगा हा त्यातला सर्वात दांडगा.

खळाळांच्या खालच्या टोकाला मातादी बंदर आहे. किकोंगो भाषेत मातादी म्हणजे दगड. पंधराव्या शतकात पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगु कांउ इथल्या येलाला खळाळाजवळ पोचला आणि खडकावर आपली नावं कोरून त्याची माणसं परत फिरली. समुद्रातून येणारी जहाजं आजही मातादीलाच थांबतात. पुढचा माल नेण्यासाठी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी राजवटीत १८९८ साली रेल्वे पुरी झाली आणि ती बांधताना हजारो मजूर मेले. जो उतार विजेसाठी वरदान आहे, तोच आतल्या देशाला समुद्रापासून तोडतो.

इंगा १, इंगा २ आणि माणसांच्या डोक्यावरून गेलेली तार

इंगाजवळ नदीच्या पात्राशेजारी एक कोरडं खोरं आहे, न्कोकोलो. मुख्य नदी न अडवता तिच्यातून कालवा काढायचा, थोडं पाणी या खोऱ्यात घ्यायचं, खोऱ्याच्या टोकाला बांध घालून टर्बाइनमधून ते पुन्हा नदीत सोडायचं, अशी रचना केली. १९७२ साली इंगा १ सुरू झालं, ३५१ मेगावॅट. १९८२ साली इंगा २, १,४२४ मेगावॅट. त्यात १७८ मेगावॅटची आठ यंत्रं. दोन्ही मिळून नदीचा लहानसा भागच वापरतात.

तेव्हा देशाचं नाव झाईर होतं आणि सत्ता हुकूमशहा मोबुटूंच्या हाती. वीज तर तयार होणार, पण घ्यायची कुणी? मोठं गिऱ्हाईक होतं देशाच्या दुसऱ्या टोकाला, कटांगा प्रांतातल्या तांब्याच्या खाणी. म्हणून इंगापासून कोल्वेझीपर्यंत १,७०० किलोमीटरची वीजवाहिनी टाकली. त्या काळी एवढी लांब डीसी वाहिनी जगात दुसरी नव्हती. कटांगाजवळही जलविद्युतच्या जागा होत्या. पण १९६० मध्ये हाच प्रांत फुटून निघाला होता, आणि त्याच्या खाणींचं बटण राजधानीच्या हाताशी असलेलं मोबुटूंना हवं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इथे एक तांत्रिक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळ्या गोष्टीची मेख त्यात आहे. आपल्या गावात येते ती एसी वीज. ती वाहून नेणाऱ्या वाहिनीवर मध्ये कुठेही उपकेंद्र बसवून, ट्रान्सफॉर्मर लावून वीज खाली उतरवता येते. तीच पुढे डीपीवरून घरात येते. फार लांब अंतरावर मात्र एसीमध्ये गळती वाढते, म्हणून डीसी वापरतात. डीसी वाहिनीच्या दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारी महागडी परिवर्तक केंद्रं लागतात. मधल्या गावाला वीज द्यायची तर तिथे असंच आणखी एक केंद्र हवं. ते कुणी बांधलं नाही. त्यामुळे ती तार जंगलावरून, माळरानावरून, शेकडो वस्त्यांच्या डोक्यावरून गेली आणि खाली कंदील जळत राहिले. पाच लाख व्होल्ट वर, आणि खाली मोबाईल चार्ज करायलाही डिझेलचं जनरेटर.

हिशेबही जमला नाही. वाहिनी बांधायला घेतली त्याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या मध्यात, तांब्याचे भाव कोसळले. अमेरिकेच्या एक्झिम बँकेपासून अनेकांची कर्जं डोक्यावर चढली आणि झाईरच्या परदेशी कर्जात इंगाचा वाटा मोठा राहिला. देखभालीला पैसा उरला नाही. कालव्यात वाळू साचत गेली, यंत्रं एकेक करून बंद पडली, आणि एक काळ असा आला की दोन्ही वीजघरं मिळून क्षमतेच्या निम्मीही वीज देत नव्हती. इंगा २ च्या यंत्रांची दुरुस्ती अलीकडच्या वर्षांत होऊ लागली, तीही बरीचशी खाण कंपन्यांच्या पैशातून. त्यांना वीज हवी आहे, त्यामुळे ते साहजिक आहे. पण ज्याच्या पैशातून यंत्र उभं राहतं त्याच्याकडेच वीज आधी जाते, हेही तितकंच साहजिक.

इंगाच्या जागेवर पूर्वी शेती करणाऱ्या कुळांची जमीन या कामात गेली. मोबदल्याचं त्यांचं गाऱ्हाणं पन्नास वर्षांनंतरही मिटलेलं नाही, आणि त्यांच्या वंशजांतले अनेकजण वीजघराच्या हाकेच्या अंतरावर विजेविना राहतात. धरणग्रस्त हा शब्द ज्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलला जातो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जंगलातलं धरण: कधी शाप, कधी नाही

वर्षावनात धरण म्हटलं की पर्यावरणाची काळजी असणाऱ्या माणसाच्या मनात पहिलं नाव येतं ब्राझीलमधल्या बाल्बिनाचं. उवातुमा नावाच्या नदीवर, जवळजवळ सपाट जंगलात ते बांधलं. सपाटीवर पाणी अडवलं की ते खोल न होता पसरतं. सुमारे २,३६० चौरस किलोमीटर जंगल बुडालं आणि वीज मिळाली २५० मेगावॅट. कोयनेचा शिवसागर जलाशय सुमारे ११५ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे वीसपट बुडीत क्षेत्र, आणि वीज आठवा हिस्सा.

बुडालेली झाडं तशीच कुजली. खोल पाण्यात प्राणवायू नसतो, तिथे कुजणाऱ्या लाकूड-पाल्यातून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीसएक पटींनी जास्त उष्णता धरतो. खालचं दाबलेलं पाणी टर्बाइनमधून बाहेर पडलं की दाब सुटतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू फसफसून हवेत जातो. अशा धरणाची वीज ‘स्वच्छ’ म्हणणं चूक आहे.

इंगाची जागा या बाबतीत भाग्यवान आहे. तिथे सपाट जंगल नाही. खडकाळ घळ आहे, पाणी वाहतं आहे, साठवण फार लागत नाही. प्रत्येक मेगावॅटमागे बुडणारी जमीन बाल्बिनाच्या तुलनेत नगण्य. हे मी मोकळेपणानं लिहितो, कारण धरण या शब्दाला सरसकट विरोध करणं मला पटत नाही. पण ‘तुलनेत कमी’ म्हणजे ‘काहीच नाही’ असं होत नाही. ग्रँड इंगाच्या शेवटच्या टप्प्यात मुख्य नदी अडवून पाणी शेजारच्या बुंदी खोऱ्यात वळवायचं आहे. तिथली गावं उठतील. आणि नदीच्या मूळ पात्रातल्या खळाळांत पाणी कमी होईल.

त्या खळाळांत काय आहे? एक मासा आहे. लांबी बोटभर, रंग फिकट गुलाबी-पांढरा, डोळे कातडीखाली झाकलेले. नाव लॅम्प्रोलोगस लेथॉप्स. हा मासा शास्त्रज्ञांना मिळायचा तो पृष्ठभागावर मरताना किंवा मेलेला. अंधाऱ्या गुहेत राहणाऱ्या माशासारखं त्याचं रूप, पण इथे गुहा कुठे होती? माशाच्या कातडीखाली, कल्ल्यांजवळ हवेचे बुडबुडे सापडले. खोल समुद्रातून पाणबुड्या घाईनं वर आला की त्याच्या रक्तात जसे बुडबुडे होतात, तसेच. म्हणजे हा मासा फार खोलातून वर फेकला गेला होता. पुढे नदीची खोली मोजली तेव्हा कळलं की काँगो इथे दोनशे मीटरहून खोल आहे, जगातली सर्वात खोल नदी. त्या तळाशी उजेड पोचत नाही. तळातले प्रवाह इतके जोरदार आहेत की तिथले मासे एकमेकांपासून भिंत घातल्यासारखे वेगळे राहिले आणि वेगवेगळ्या जाती होत गेल्या. काँगोच्या या खालच्या टप्प्यात माशांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

नदीचा प्रवाह बदलला की या जातींचं काय होईल, याचा अभ्यास मेगावॅट मोजण्याइतक्या तपशिलानं व्हायला हवा. समुद्राचाही. काँगोचं तपकिरी, पालापाचोळ्याच्या अंशानं भरलेलं पाणी अटलांटिकमध्ये शेकडो किलोमीटर आत जातं आणि तिथल्या जीवसृष्टीला अन्न पुरवतं.

शेगडीतलं जंगल

आता दुसरी बाजू. ती मला जास्त अस्वस्थ करते.

किन्शासात दीड कोटीहून जास्त माणसं राहतात. बहुतेक घरांत स्वयंपाक कोळशावर होतो. लिंगाला भाषेत या कोळशाला मकाला म्हणतात. खनिज कोळसा नव्हे. झाडं तोडून, मातीखाली धुमसत ठेवून केलेला लाकडी कोळसा. शहराकडे येणाऱ्या रस्त्यांच्या कडेला त्याची उंच पोती उभी असतात. पोत्याच्या मापापेक्षा माल वर आलेला असतो, म्हणून तोंडावर गवत-पाला कोंबून दोरीनं जाळी विणलेली असते. बाजारात बाया तो छोट्या छोट्या ढिगांनी विकतात, एका वेळच्या चुलीपुरता.

वीज नसते असं नाही. ती येते आणि जाते. आपण ज्याला लोडशेडिंग म्हणतो त्याला तिथे फ्रेंचमधून ‘देलेस्ताज’ म्हणतात. महाराष्ट्रात २००५-०६ च्या सुमारास खेड्यापाड्यांत ज्यांनी दिवसाचे बारा-बारा तास काढले, रात्री कंदिलाजवळ दहावीचा अभ्यास केला, त्यांना या शब्दाचा अर्थ लगेच कळेल. फरक इतकाच की तिथे बहुसंख्य लोकांच्या घरात जायला-यायला मुळात जोडणीच नाही.

आणि हा कोळसा येतो त्याच जंगलातून, जे या नदीला पाणी देतं. काँगोच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग जंगलानंच हवेत परत सोडलेल्या पाण्याचा असतो. झाड मुळांतून पाणी ओढतं, पानांतून वाफ सोडतं, ती वाफ पुढे जाऊन पुन्हा पडते. खोऱ्याच्या मध्यभागी दलदलीखाली पीट आहे, म्हणजे हजारो वर्षांचा न कुजलेला पाला. २०१७ मध्ये त्याचा पहिला नीट नकाशा झाला: १ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या आकाराचा, आणि त्यात सुमारे ३,००० कोटी टन कार्बन अडकलेला. ते जंगल सुकलं तर नदीही बदलेल, हवामानही. वीज घरात पोचली नाही म्हणून झाड चुलीत जातं, आणि झाडं गेली की वीज देणारी नदीच अडचणीत येते. हे चक्र तोडायला विजेची गरज आहे, यात मला शंका नाही.

मग पुढचं धरण का होत नाही?

इंगा ३ चा विचार अनेकदा झाला. एका आराखड्यात ते ४,८०० मेगावॅटचं होतं. त्यातले २,५०० मेगावॅट दक्षिण आफ्रिकेला जाणार, तसा २०१३ मध्ये करारही झाला. साधारण १,३०० खाणींना. आणि देशाच्या सरकारी वीज कंपनीला, म्हणजे सामान्य ग्राहकांसाठी, उरले १,०००. दहा कोटींवर लोकसंख्येच्या देशाला एक हजार मेगावॅट! हे वाटप पाहिलं की मला ती १,७०० किलोमीटरची तार आठवते.

असं का होतं, त्याचंही उत्तर आहे आणि त्यात कुणी एक खलनायक नाही. धरण बांधायला हजारो कोटी डॉलर लागतात. कर्ज देणारा विचारतो, वीज विकत कोण घेणार आणि बिल कोण भरणार? गावातल्या चार दिव्यांच्या बिलावर कुणी कर्ज देत नाही. खाणीच्या किंवा दुसऱ्या देशाच्या करारावर देतो. म्हणून मोठं धरण आपोआप मोठ्या गिऱ्हाइकाकडे ओढलं जातं. शिवाय घरोघरी वीज द्यायची तर खांब, उपकेंद्रं, मीटर, वायरमन, वसुली असं सगळं जाळं लागतं, आणि त्यालाच निधी मिळत नाही. जागतिक बँकेनं २०१४ मध्ये अभ्यासासाठी मदत मंजूर केली, २०१६ मध्ये सरकारशी मतभेद होऊन ती थांबवली. नंतर ११,०५० मेगावॅटचा मोठा आराखडा आला, चिनी आणि स्पॅनिश कंपन्या आल्या, त्यातली स्पॅनिश २०२० मध्ये बाहेर पडली.

दरम्यान देशाच्या पूर्वेला एक छोटी गोष्ट घडली. विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातल्या नदीवर मातेबे इथे १३ मेगावॅटच्या आसपासचं केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. इंगा २ च्या एका यंत्राच्या तेराव्या हिश्शाएवढं. पण त्याची वीज पहिल्यापासून आसपासच्या गावांना आणि छोट्या उद्योगांना द्यायची असंच ठरलं होतं, आणि ती तशीच दिली गेली. उद्यानातली झाडं कोळशासाठी तुटू नयेत हाही त्यामागचा हेतू होता. युद्धानं होरपळलेल्या भागात हे जमू शकतं, तर मातादीजवळच्या शांत टेकड्यांत न जमायला कारण नाही.

माझ्या मते क्रम असा असायला हवा: आधी इंगा १ आणि २ ची सगळी यंत्रं दुरुस्त करून पूर्ण चालवायची, कालवा स्वच्छ ठेवायचा, मग किन्शासातलं आणि तारेच्या वाटेवरचं वितरण, आणि त्यानंतर इंगा ३. मुख्य नदी अडवायचा विचार त्याच्याही बराच नंतर, माशांचा आणि समुद्राचा अभ्यास हाती आल्यावर.

जून २०२५ मध्ये जागतिक बँक पुन्हा इंगा ३ कडे वळली आणि २५ कोटी डॉलरचा पहिला हप्ता मंजूर झाला. या पहिल्या टप्प्यात काँक्रीट ओतायचं नाही. इंगाच्या आसपासच्या वस्त्यांच्या मूलभूत सोयी आणि पुढच्या कामाची तयारी यांवर भर आहे. ११,००० मेगावॅटच्या घोषणा यापुढेही येत राहतील. मी मात्र दोनच आकडे शोधत राहणार आहे: इंगा २ च्या आठपैकी किती यंत्रं फिरतायत, आणि वीजघराच्या आवाजाच्या टप्प्यातल्या किती घरांत मीटर बसलाय.